कादिझचं जाडं मीठ

आयुष्यात पहिल्यांदा परदेशी गेलो तो दुसऱ्याच्या बायकोच्या जागेवर. हे वाक्य मी लग्नाबारशाच्या पंगतीत टाकलं की आजूबाजूचे लोक घास हातात धरून थांबतात, आणि आमची ही भात वाढून घ्यायचा सोडून खुलासा करायला धावते. म्हणून इथे आधी खुलासाच करतो.

माझा एक शाळेपासूनचा मित्र आहे. उरणच्या बाजूच्या गावातला, बापजाद्यांपासून मिठागरं असलेल्या घरातला. शाळेला एसटीनं पनवेलला यायचा आणि माझ्या बाकावर बसायचा. माझ्या डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, त्याच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकट. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर असायचा. त्यामुळे मी मासळी खायला शिकलो ती त्या बाकावर, आणि घरात शिरण्याआधी चारदा चूळ भरायलाही तिथेच शिकलो. पुढे मिठागरांच्या जागी कंटेनर ठेवायची आवारं आली. मित्राचे ट्रेलर न्हावा शेव्याला धावू लागले, पनवेलला त्याचा बंगला उभा राहिला. मी इथल्याच एका शाळेत इतिहास शिकवू लागलो आणि नवीन पनवेलच्या एका सेक्टरात, वरच्या मजल्यावर, पाण्याच्या वेळा सांभाळत स्थिरावलो. तो मला मास्तर म्हणतो, मी त्याला शेठ म्हणतो. दोन्ही नावं चेष्टेतून पडलेली आहेत हे दोघांनाही ठाऊक आहे, आणि दोघांनाही ती मनातून आवडतात.

तर या शेठला कुठून तरी मोबाइलवर एक व्हिडिओ आला. पाण्यानं भरलेले वाफे, मधून मातीचे बांध आणि मागे पांढऱ्याशुभ्र मिठाच्या राशी. खाली लिहिलं होतं, कादिझ, स्पेन. शेठनं तो व्हिडिओ मला दाखवला, माझ्या बायकोला दाखवला, ट्रेलरच्या ड्रायव्हरांना दाखवला. मिठागर गेल्यापासून त्याच्यासमोर कुणी मिठाचा विषय काढत नसे, आणि आता हा स्वतःच काढत सुटला. शेवटी वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाल्या, "एकदाचं दाखवून आणा ते मीठ. त्याशिवाय घराला सुख नाय."

तिकिटं, राहायची जागा, सगळं ठरलं. नवराबायकोनं मे महिन्यात जायचं. आणि मग मुलीकडून बातमी आली की तिला दिवस गेलेत.

एकुलती एक मुलगी. आधी एकदा आशा लागून पोटातलं राहिलं नव्हतं, त्यामुळे या वेळी घरानं आनंदसुद्धा दबक्या आवाजात केला. सातव्या महिन्यात ती माहेरी आली. वहिनी म्हणाल्या, मी हिला सोडून कुठं जात नाय. शेठही म्हणाला, मग मीपण नाय. पण मुलीनंच हट्ट धरला. शेठ तिच्यामागे पाण्याचा पेला घेऊन फिरत असे. जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्यानं खुर्ची आडवी टाकून ठेवली होती. ती शिंकली तरी हा डॉक्टरांना फोन लावायचा. "काका," ती मला म्हणाली, "बाबा घरात असले की माझंच बीपी वाढतं. त्यांना कुठेतरी न्या." डॉक्टरीणबाई हसल्या, म्हणाल्या, अजून वेळ आहे, तुम्ही परत आल्यावर चांगले तीन आठवडे मिळतील, खुशाल जा.

बरोबर कोण, हा प्रश्न वहिनींनी सोडवला. "मास्तरांना न्या. ते इतिहास सांगत बसतील, ह्यांना झोप लागंल."

शाळेला सुट्टी होती. मी घरी विचारलं. आमच्या हिनं भाजी निवडायची न थांबता विचारलं, "किती दिवस?" मी सांगितलं. "एवढेच?" ती म्हणाली.

आता नवसाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मुलीची बातमी कळली त्याच दिवशी शेठ गावच्या देवीपुढे उभा राहून बोलला होता, लेक सुखरूप सुटेपर्यंत मासळी तोंडात घालणार नाही. मटण चालू, कोंबडी चालू, फक्त मासळी बंद. कुणाला वाटेल, यात काय मोठंसं. त्यानं शेठला सकाळच्या चहाबरोबर तळलेली बोंबलाची तुकडी खाताना पाहिलेलं नाही. देवीला सोडायचं ते जिवावरचं सोडायचं असतं, आणि शेठनं ते सोडलं होतं. एवढं सोडून तो निघाला कुठे, तर तीन बाजूंनी समुद्र असलेल्या आणि रस्तोरस्ती मासे तळणाऱ्या गावाला. नवस बोलला गेला तेव्हा तिकिटं काढून झाली होती. देवीनं हसून घेतलं असेल.

कादिझ हे एका चिंचोळ्या जमिनीच्या टोकावर वसलेलं शहर. माद्रिदहून आगगाडीनं गेलो. शेवटाला गाडी दोन्हीकडे पाणी आणि चिखल असलेल्या पट्ट्यातून जाऊ लागली, तसा शेठ खिडकीला नाक लावून उभा राहिला. "मास्तर, खाजण! डिट्टो खाजण! फक्त आपले बगळे काळ्या पायांचे, ह्यांचे लाल." ते फ्लेमिंगो होते, पण मी दुरुस्त केलं नाही. मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी कशाला.

दुसऱ्या दिवसापासून मी इतिहासाला सुरुवात केली. निघण्याआधी वाचून, मुद्दे काढून गेलो होतो. सोनेरी घुमटाच्या मोठ्या चर्चसमोर उभं राहून मी फिनिशियन व्यापाऱ्यांपासून आरंभ केला. रोमनांपर्यंत आलो आणि शेजारी पाहिलं तर शेठ नव्हता. तो कोपऱ्यावर उभा राहून एक ट्रक अरुंद गल्लीत मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला हातानं इशारे करत होता. येऊ दे, येऊ दे, बस. भाषा कळायची गरज पडली नाही. ड्रायव्हरनं खाली उतरून शेठचा हात हातात घेतला. माझ्या रोमनांचं कुणी एवढं स्वागत केलं नाही.

"तुझ्या वर्गातली पोरं झोपतात," परत येऊन शेठ म्हणाला, "ती आळशी नसतात रे. थकलेली असतात."

त्या शहरात जुन्या व्यापाऱ्यांनी घरांवर बांधलेले टेहळणीचे मनोरे आहेत. आपलं जहाज बंदराला लागलं की नाही ते पाहण्यासाठी. मी हे सांगितल्यावर मात्र शेठ चमकला. "म्हणजे आमचं जीपीएस!" आम्ही एका मनोऱ्यावर चढलो. मी वाटेत तीनदा इतिहासाच्या निमित्तानं थांबलो. शेठला माझे गुडघे माहीत असल्यानं तोही थांबून छताचं कौतुक करत राहिला. वर एक काळोखी खोली आहे. तिथे भिंगा-आरशांतून शहराचं हलतं चित्र एका मोठ्या पांढऱ्या थाळ्यावर पाडून दाखवतात. गच्चीवर वाळत घातलेले कपडे हलताना दिसतात, पूल ओलांडणारी वाहनं दिसतात. सगळे प्रवासी आ करून बघत होते. शेठ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ह्याच्यात पनवेल दाखवतात का विचार ना."

मी हसलो. तो हसला नाही.

दिवसातून किती वेळा तो घरी फोन लावायचा ते मी मोजणं सोडून दिलं होतं. जेवली का. झोपली का. पाय सुजलेत का, कॅमेरा पायाकडं ने. मुलगी मग म्हणायची, "बाबा, काकांना द्या फोन," आणि मला सांगायची, "काका, मोबाइल समुद्रात टाका त्यांचा." मी म्हणायचो टाकतो, आणि फोन बंद झाला की शेठ तो चार्जिंगला लावायचा.

सकाळी तो मासळीबाजारात जायचा. खायला नव्हे, नुसता बघायला. दोन्ही हात पाठीमागे बांधून, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखा. बर्फावर मांडलेली कोलंबी, माकूल, तलवारीसारखं तोंड असलेला अख्खा मासा, सगळ्यांची हजेरी घ्यायचा. एका मावशीनं त्याला एक मासा हातात द्यायला पुढे केला तसा तो दोन पावलं मागे सरला. मावशीला वाटलं, माल आवडला नाही. तिनं माशाचा कल्ला उघडून लालभडक दाखवला आणि काहीतरी सुनावलं. शेठ माझ्याकडे वळला, "सांग तिला, माल एक नंबर हाय. सांग, मी नवसाचा हाय." मोबाइलवर चार आठवडे शिकलेल्या माझ्या स्पॅनिशमध्ये मांजर दूध पिते आणि मुलगा सफरचंद खातो एवढं होतं. नवस नव्हता. मी छातीवर हात ठेवून आकाशाकडे बोट दाखवलं. मावशी एकदम नरमली आणि तिनं शेठकडे फार दयेनं पाहिलं. त्याला काहीतरी आजार आहे अशी तिची समजूत झाली असावी. दुसऱ्या दिवसापासून ती त्याला पाहून छातीवर क्रूस काढू लागली.

माझ्या खाण्याबद्दल मात्र शेठचा हुकूम होता. "मी नाय खात म्हणून तू कशाला उपाशी? मागव." मागवायचंही तोच. स्वतःपुढे कोंबडी आणि बटाटे घेऊन तो माझ्या ताटावर डोळे लावून बसायचा.

"कसा हाय?"

"चांगला आहे."

"चांगला म्हंजे? गोडसर? चिवट? कालवासारखा लागतो का?"

"नाही... म्हणजे, बरा आहे."

"चाळीस वर्षं घालवली तुझ्यावर," शेठ कपाळावर हात मारायचा. "चाळीस वर्षं! एका माणसाला चव सांगता येऊ नये?"

एकदा एका टपरीवजा हॉटेलात माझ्यासाठी पातळ, कुरकुरीत, जाळीदार भजी आली. शेठनं वाकून पाहिलं. त्यात बारीक बारीक डोळे चमकत होते. "मास्तर," त्याचा आवाज बदलला, "जवळा हाय ह्यो. बेसनातला जवळा. आई करायची." तिकडे त्या भज्यांना काही वेगळं नाव आहे, पण बेसन तेच आणि बारीक कोलंबीचा जवळाही जवळपास तोच. शेठ बराच वेळ त्या ताटलीकडे बघत बसला. मग ताटली माझ्याकडे सरकवून म्हणाला, "खा. हळू खा. आणि ह्या वेळी नीट सांग."

मी प्रयत्न केला. खारट, कुरकुरीत, समुद्राचा वास असलेली, कडेला जास्त खरपूस. आयुष्यात एवढं मन लावून मी परीक्षेचे पेपरही तपासले नाहीत. शेठ डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "पास. पण ग्रेस देऊन."

आणि एवढं सगळं सांभाळलेलं, ते बिघडवलं मी.

चौथ्या की पाचव्या दिवशी शेठला सर्दी झाली. समुद्रावरचा वारा डोक्यात गेला आणि नाक गच्च. कोंबडीचाही कंटाळा आलेला. दुपारी एका चौकातल्या हॉटेलात मी म्हणालो, आज हलकं खा, मी मागवतो. मेनूकार्डावरच्या फोटोत हिरवी पानं, टोमॅटो, कांदा, उकडलेलं अंडं दिसत होतं. मोठी थाळी आली. पानांच्या मधोमध काहीतरी फिकट, भुसभुशीत असा ढीग होता.

"हे काय?" शेठनं विचारलं.

आता इथे कुणीही शहाणा माणूस विचारून घेईल. पण मी शिक्षक आहे. ज्याचं उत्तर येत नाही असा प्रश्न वर्गात आला की आवाज थोडा चढवायचा, ही आमची सवय. "चीज," मी म्हणालो. "इकडे बकरीच्या दुधाचं करतात. आपल्या पनीरसारखं." आणि एवढ्यावर न थांबता मी त्यातला भला मोठा चमचा त्याच्या पानावर वाढला.

शेठनं घास घेतला. दोनदा चावला. मग थांबला. त्याचं नाक बंद होतं, पण जीभ उघडी होती. त्यानं घास गिळला नाही, कागदी रुमालात काढला, रुमालाची घडी केली आणि ती शांतपणे बाजूला ठेवली.

"मास्तर," तो म्हणाला, "कुपा हाय."

कुपा म्हणजे ट्यूना. डब्यातला. तिकडे सॅलडवर तो घालतातच, आपल्याकडे पोह्यांवर खोबरं घालतात तसा. हे मला आज माहीत आहे.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. चाळीस वर्षांत त्यानं माझ्यावर वापरलेल्या शिव्यांचा साठा मोठा आहे, मी त्यातल्या निवडक शिव्यांची वाट बघत राहिलो. पण त्यानं पाणी मागवलं, चूळ भरली आणि उठला. मी मागून बोलत होतो. चुकून झालं. गिळलाच नाहीस तू. डब्यातला मासा म्हणजे मासळी थोडीच. यातल्या एकाही वाक्यावर माझा स्वतःचा विश्वास नव्हता. समुद्राच्या कठड्यावर जाऊन तो बसला. मी त्याच्यापासून हातभर लांब बसलो.

"तू इतिहासवाला," तो शेवटी म्हणाला, "तू मानत नायस. ठीक हाय. मी पण ट्रेलरचा इन्शुरन्स काढतो, देवीच्या भरवशावर नाय सोडत. पण पोरीसाठी मी दुसरं काय करू शकतो सांग ना. काय बी नाय. एवढंच होतं हातात."



संध्याकाळ व्हायला आली तेव्हा वहिनींचा फोन आला. पनवेलला रात्र झाली असणार, आणि त्या वेळेला त्या कधी फोन करत नसत. शेठनं स्पीकर लावला.

"घाबरू नका," वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही दोघं घाबरलो. "पोरीला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात आणलंय. लवकर हाय, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजीचं कारण नाय. जावई पण निघालेत."

शेठनं फोन कठड्यावर ठेवला.

"ऐकताय ना?"

"मी मासळी खाल्ली," शेठ म्हणाला.

 पलीकडून दवाखान्यात कुणीतरी चपला फरफटत गेल्याचा आवाज आला. आता राहवेना म्हणून मीच फोनकडे वाकलो. "वहिनी, त्यानं नाही खाल्ली. मी वाढली. मी चीज म्हणून सांगितलं. नाक बंद होतं त्याचं. आणि गिळला नाही हो घास, रुमालात काढला."

"मास्तर," वहिनी म्हणाल्या, "तुमी चीज म्हणून कुपा वाढलात?"

"हो."

"शाळेत पण असंच शिकवता काय?"

एरवी या वाक्यावर शेठ मांडी थोपटून हसला असता. तो पाण्याकडे बघत होता. वहिनींना ते न दिसताही कळलं असावं. त्यांचा आवाज बदलला. पंचायतीत निकाल देणाऱ्या बाईचा झाला.

"हे बघा, देवीला सगळं दिसतं. तिला हे पण दिसलं की वाढलं कुणी. चूक मास्तरांची, तर भरणार मास्तर. आजपासून ह्यांच्या जोडीला त्यांनी पण मासळी सोडायची. पोर सुखरूप सुटू दे, मग देवीपुढं दोघांनी उभं राहायचं, ओटी भरायची, आणि मगच मासळीला हात लावायचा. कबूल हाय का, मास्तर?"

मी ज्या घरात वाढलो तिथे मासळी खाणं हे पाप होतं. आता ती न खाणं हा माझा दंड ठरत होता. पण मी नास्तिकतेवर एक शब्द बोललो नाही. कठड्यावर सरळ बसलो आणि म्हणालो, "कबूल."

"मोठ्यानं बोला. देवी गावाला हाय, तुमी स्पेनला."

"कबूल!" मी ओरडलो. कठड्यावरच्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं आमच्याकडे पाहिलं. शेठनं पहिल्यांदा मान वळवली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण खांदे जरा खाली आले होते.

"ह्याच्याकडून पाळलं जाईल?" त्यानं फोनला विचारलं, मी तिथे नसल्यासारखं.

"तुमी आहात ना लक्ष ठेवायला," वहिनी म्हणाल्या. "तेवढंच काम तुमाला."

परतीचं तिकीट आधी मिळतंय का ते पाहिलं. आहे त्यापेक्षा लवकर पोचवणारं काही नव्हतं. सकाळी उजाडलं तेव्हा शेठ अंघोळ करून, बूट घालून तयार होता. "बसून राहिलो तर वेड लागंल. चल, मीठ बघू."

गाडीनं थोडं मागे, शेजारच्या गावाला गेलो आणि तिथून चालत. व्हिडिओतली जागा हीच की दुसरी, देव जाणे. पण वाफे होते, बांध होते, कडेला गेल्या वर्षीच्या मिठाच्या राशी उन्हात डोळे दिपवत होत्या. शेठ बांधावर चढला आणि पाय मातीत रोवून उभा राहिला. "आपला हंगाम संपत आला, ह्यांचा अजून सुरूच नाय. पाणीच खेळवतायत. ऊन उशिरा येतं इकडं." तो वाकला, वाफ्यातलं पाणी बोटावर घेऊन त्यानं जिभेला लावलं. "अजून पंधरा दिवस," तो पाण्याला म्हणाला. मग राशीतला एक खडा उचलून चोखला. मलाही एक दिला.

"कसा हाय?"

"खारट," मी म्हणालो.

"शाबास." त्यानं खडा या गालातून त्या गालात नेला. "बाबांचं मीठ जास्त पांढरं नव्हतं. करडं असायचं. पण त्याला चव..." आणि फोन वाजला.

त्यानं तो माझ्याकडे दिला. घेतला नाही, दिला. मी हिरवं बटण दाबलं आणि वहिनींच्या आधी मला ऐकू आलं ते एक रडणं. बारीक, चिडलेलं, हक्कानं केलेलं.

"ऐकलं का?" वहिनी ओरडत होत्या. "मुलगी हाय! दोघी सुखरूप! सिझर करावं लागलं, पण दोघी सुखरूप! वजन जरा कमी हाय, पण आवाज बघा!"

शेठ बांधावर खाली बसला, त्या परक्या मिठागराच्या ओल्या मातीत, नव्या पँटीसकट. बराच वेळ तो हसत होता की रडत होता हे मला त्याच्या पाठीवरून कळलं नाही, आणि मी पुढे जाऊन बघितलं नाही. वहिनी फोनवर विचारत होत्या, "काय करतायत हे?" मी म्हणालो, "मीठ बघतायत."

शहरात परतलो तेव्हा भूक कडकडून लागली होती. आनंद झालेला, समोर समुद्र, बाजारात नुकताच माल उतरलेला. मी शेठकडे आशेनं पाहिलं. "सुटली ना सुखरूप," मी म्हणालो, "म्हणजे आता..."

"देवीपुढं उभं राहायचं, ओटी भरायची, आणि मगच," शेठ म्हणाला. "मोठ्यानं कबूल केलंयस." उरलेले दोन दिवस आम्ही दोघांनी कोंबडी आणि बटाटे खाल्ले. बाजारातल्या मावशीनं आता मलाही रिकाम्या हातानं फिरताना पाहिलं आणि तिनं माझ्यासाठीही क्रूस काढला. निघायच्या दिवशी शेठनं तिला फोनवर नातीचा फोटो दाखवला. तिनं तो बर्फाच्या हातानं धरून सगळ्या बाजारभर फिरवला.

येताना त्यानं पिशवीभर मीठ आणलं, जाडं, खड्यांचं, दुकानातून विकत घेतलेलं. उरणच्या माणसानं स्पेनहून मीठ आणणं हा मला विनोद वाटला. वहिनींना वाटला नाही. त्यांनी पिशवी उघडून पाहिलं आणि जपून ठेवली.

घरी आल्यावर वाटलं, चला, सुटलो. पण घरात बाळंतीण, सुवेर. बारशापर्यंत देवळाची पायरी चढायची नाही, वहिनींचा कडक नियम. मधे पाचवी आली. अंगणात मंडप, गावाकडचे पाहुणे, पातेल्यात कोलंबीचं कालवण, परातीत तळलेली पापलेटं. वरणभाताचं ताट घेऊन आम्ही दोघं एका कोपऱ्यात बसलो होतो, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरांसारखे. येणारा प्रत्येक जण विचारायचा, मास्तर, तुमी का नाय घेत? आणि शेठ अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "चीज खाऊन पोट भरलंय त्यांचं."

बारशाच्या दुसऱ्या दिवशी गावाला गेलो. देवीपुढे शेठ उभा राहिला, शेजारी मी. वहिनींनी ओटी भरली, नारळ फुटला. शेठ मनातल्या मनात काय बोलला ते त्याचं त्याला. मी देवीकडे पाहून म्हणालो, बाई, यापुढे विचारल्याशिवाय काही वाढणार नाही.

दुपारी पनवेलला घरी परतल्यावर वहिनींनी पहिलं ताट वाढलं. जवळ्याची भजी होती. शेठनं एक तुकडा तोडला, पण तोंडात घातला नाही, माझ्याकडे बघत थांबला. मी माझा घास घेतला. सगळं घर थांबलेलं.

"सांग," शेठ म्हणाला.

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला काहीच सांगता येईना. मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तिखट लागलं, असं मी सगळ्यांना सांगितलं.

"नापास," शेठ म्हणाला, आणि त्यानं आपला घास घेतला.

एवढ्यात आतून तान्ही रडायला लागली. वहिनी उठल्या, फडताळातून ती पिशवी काढली, कादिझचं जाडं मीठ मुठीत घेतलं, त्यात मोहऱ्या आणि सुक्या मिरच्या मिसळल्या. मुलीच्या मांडीवरच्या त्या एवढ्याशा जिवावरून मूठ ओवाळली आणि चुलीत टाकली. मिठाचे खडे तडतड उडाले, स्पेनची दृष्ट की पनवेलची कुणास ठाऊक. बाळ गप्प झालं.

वहिनींनी पिशवीत बघितलं. मीठ अजून बरंच उरलं होतं. मग माझ्या ताटाकडे बघितलं. त्यात आता एकही भजं नव्हतं.

"मास्तर, जरा पुढं या," त्या म्हणाल्या. "तुमचीबी दृष्ट काढून टाकते. पाचवीपासून बघत होता त्या पापलेटांच्या परातीकडं."